लोखंडी क्रूस



जुन्नरहून आळेफाट्यावर यावें आणि उत्तरेकडे नाशिकच्या रस्त्याला लागावें, म्हणजे लौकरच पुणें जिल्ह्याची हद्द सरते व संगमनेर तालुका लागतो. त्या तालुक्यांत निमज नांवाचें गांव आहे. तेथील नामदेव जाधव हा तरुण दुसऱ्या महायुद्धांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणींत शिपाई होता. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींतील सेनिओ नदीच्या कांठीं त्यानें जें केलें, त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नदीच्या पैल कांठावर जर्मन सेना होती. त्या सेनेंतहि शौर्याची कदर करण्याची रीत होती, आणि त्या रीतीचें चिन्ह होतें लोखंडाचा एक काळा क्रूस. ज्या बाजूनें आपले शिपाई लढले त्या बाजूच्या पदकांची माहिती आपल्याला थोडीफार असते. समोरच्यांची बहुधा नसते. आज मी त्या लोखंडी क्रूसाची हकीकत सांगणार आहें. आपल्या शिपायांची गोष्ट तिच्या ओघांत पुन्हा येईल.

पराक्रम करणारा एक असतो, आणि तो पराक्रम होय कीं नव्हे, झाला तर केवढा, हें ठरविणारा दुसराच कोणी असतो. ठरविणाऱ्याचें माप काय, हें पाहिलें म्हणजे त्या राज्याची बरीचशी ओळख पटते. आपल्याकडे हीं मापें जुनीं आहेत. जुन्नर-आंबेगांवच्या बाजूला, किंबहुना सबंध घाटमाथ्यावर, देवळांच्या आवारांत वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटींत झुंज व पडलेला वीर, मधल्या चौकटींत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्याला चंद्रसूर्य. बहुतेकांवर नांव नाहीं. हें गांवाचें माप. त्याची मुख्य अट म्हणजे वीर पडलेला असला पाहिजे. राजाचें माप निराळें असतें. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजीमहाराजांनीं अफजलखानाच्या स्वारीनंतर जीं बक्षिसें वांटलीं, त्यांचें वर्णन सभासदाच्या बखरींत आहे. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत रक्कम. पडलेल्यांच्या मुलांना चाकरी. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना अर्धें वेतन. आणि नांवाजलेल्या लढवय्यांना हत्ती, घोडे, हातांतलीं कडीं, कंठ्या, तुरे. जखमेला तेथें दर ठरलेला आहे, एवढें ध्यानांत ठेवावें. अडीचशें वर्षांनंतर जर्मनींत हाच हिशेब आपल्याला पुन्हा भेटेल.

आतां प्रशियाकडे वळूं. १८०६ सालीं येनाच्या लढाईंत नेपोलियननें प्रशियाचा धुव्वा उडविला, आणि पुढच्या सालच्या तहांत त्या राज्याचा जवळजवळ निम्मा मुलूख गेला. सहासात वर्षें प्रशियानें मान खालीं घालून काढलीं. मग नेपोलियनची सेना रशियाच्या बर्फांतून विस्कटून परतली, तेव्हां १८१३ च्या आरंभीं राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म ह्यानें उठावणी करण्याचें ठरविलें. त्याचा मुक्काम ब्रेस्लाऊ शहरांत होता. खजिना रिता होता. राजघराण्यांतील स्त्रियांनीं आवाहन केलें आणि घरोघरच्या बायकांनीं अंगठ्या, सांखळ्या, कानांतले डूल युद्धाच्या कामीं दिले. मोबदला म्हणून त्यांना लोखंडाच्या अंगठ्या मिळाल्या. थोड्याच दिवसांत असें झालें कीं, सोन्याची अंगठी घालून चारचौघांत जाण्याची लाज वाटूं लागली.

लोखंडी क्रूस जन्मला तो ह्या हवेंत. त्याची सनद १० मार्च १८१३ ह्या तारखेची आहे. ती राजाच्या दिवंगत राणीची, लुइझेची, जन्मतारीख होती. कच्चा आराखडा राजानें स्वतः काढला व शिंकेल ह्या नामांकित वास्तुशिल्पज्ञानें त्याला रूप दिलें. ओतीव लोखंडाचा काळा क्रूस आणि भोंवतीं चांदीची बारीक कड, एवढाच त्याचा थाट. किंमत म्हणाल तर कांहींच नाहीं.

अटी मात्र त्या काळाला नव्या होत्या. तोंपर्यंत प्रशियांत अधिकाऱ्यांचें पदक वेगळें आणि शिपायांचें वेगळें असे. अधिकाऱ्यांसाठीं 'पूर ल मेरीत' हा निळा क्रूस होता. तो १७४० सालीं फ्रेडरिक द ग्रेटनें काढला. जर्मन राजाचें पदक असून नांव फ्रेंच, कारण त्या दरबारची भाषाच फ्रेंच होती. लोखंडी क्रूसाला हुद्द्याची अट नव्हती. सेनापतीला मिळे तोच क्रूस शेतकऱ्याच्या पोराला मिळे. त्याचे दोन वर्ग होते, आणि दुसरा वर्ग मिळविल्यावांचून पहिला मिळत नसे. त्यांच्यावर एक महाक्रूस होता. तो निर्णायक लढाई जिंकणाऱ्या किंवा मोठा किल्ला घेणाऱ्या वा राखणाऱ्या सेनानीलाच मिळावयाचा. प्रत्यक्ष लढणाऱ्यांची फीत काळी व तिच्या कडा पांढऱ्या. न लढतां सेवा करणाऱ्यांची ह्याच्या उलट. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही कीं, हा सन्मान चालू युद्धापुरताच. युद्ध सरलें कीं क्रूसहि सरला.

फ्रीडेरिके क्र्यूगर नांवाची एक तरुणी पुरुषाचा वेष घेऊन प्रशियाच्या पायदळांत शिरली होती. १८१३ च्या सप्टेंबरांत डेनेविट्सच्या लढाईंत ती जखमी झाली, आणि स्त्री म्हणून ओळखली गेल्यावरहि तिला दुसऱ्या वर्गाचा क्रूस मिळाला. पडलेल्यांसाठीं त्याच सालीं राजानें दुसरा हुकूम काढला. लोखंडी क्रूसाला पात्र ठरला असता असा पराक्रम करून जो मेला, त्याचें नांव पलटणीच्या चर्चमधील फलकावर. आणि त्या त्या गांवांतून गेलेल्या सर्व मृतांचीं नांवें गांवच्या चर्चमधील फलकावर. आपल्या वीरगळाचा हा दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा, फक्त ह्यावर नांवें होतीं. त्या युद्धांत पहिला वर्ग सातशें जणांनाहि मिळाला नाहीं.

युद्धापुरता म्हणून जन्मलेला हा क्रूस पुन्हा तीनदां जागा करण्यांत आला: १८७० सालीं फ्रान्सवरील स्वारीच्या वेळीं, १९१४ च्या ऑगस्टांत, आणि १ सप्टेंबर १९३९ रोजीं. दर वेळीं त्यावर नवें साल कोरलें गेलें. १८७०-७१ मध्यें पहिल्या वर्गाचे क्रूस तेराशेंच्या आसपास वांटले गेले. १९१४ ते १९१८ ह्या काळांत दुसऱ्या वर्गाचे क्रूस पन्नास लाखांच्या वर गेले, पहिल्या वर्गाचे दोन लाखांच्या वर. लोखंड स्वस्त होतें हें खरें. परंतु १८१३ सालीं त्याला जी किंमत होती ती त्याच्या दुर्मिळपणाची होती. चार वर्षें खंदकांत कुजणाऱ्या लाखो माणसांना देण्याजोगें दुसरें कांहीं सरकारपाशीं उरलें नव्हतें, असेंहि ह्या आंकड्यांवरून वाचतां येईल. मला तरी हा दुसराच अर्थ अधिक खरा वाटतो. ३ मार्च १९१८ रोजीं त्यांत जखमेच्या बिल्ल्याची भर पडली. एक-दोन जखमांना काळा, तीन-चारांना रुपेरी, पांच किंवा अधिक जखमांना सोनेरी. महाराजांनीं जखम पाहून होन दिले होते. येथें जखमा मोजून रंग दिले.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय निवडला, तिच्याकडे येतों. पहिल्या महायुद्धांत जर्मनीकडून सुमारें एक लाख ज्यू लढले. त्यांतले बारा हजार मेले. हजारोंनीं लोखंडी क्रूस मिळविला. क्रूस हें ख्रिस्ती चिन्ह. परंतु सनदेंत हुद्द्याप्रमाणें धर्माचीहि अट नव्हती, आणि त्या माणसांनीं तो अभिमानानें छातीवर लावला. त्याच युद्धांत ॲडॉल्फ हिटलर नांवाचा एक कनिष्ठ शिपाई पलटणीचे निरोप पोहोंचवीत असे. ऑगस्ट १९१८ मध्यें त्याला पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रूस मिळाला. एवढ्या खालच्या हुद्द्याच्या माणसाला पहिला वर्ग मिळणें विरळाच. त्याची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव ह्यूगो गुटमान. तो ज्यू होता आणि स्वतः पहिल्या वर्गाच्या क्रूसाचा मानकरी होता. हिटलरनें तो क्रूस मरेपर्यंत वापरला. १९३३ सालीं ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणारा कायदा आला, तेव्हां आघाडीवर लढलेल्यांना त्यांतून वगळलें होतें. १९३५ सालीं ती सवलतहि गेली. गुटमान कसाबसा निसटून अमेरिकेस पोहोंचला. ज्यांना निसटतां आलें नाहीं अशा पदकधारी म्हाताऱ्यांना १९४२ पासून टेरेझिनच्या छावणींत धाडण्यांत आलें, आणि तेथून पुष्कळांना पूर्वेकडे, मरणाकडे. त्यांच्या पेट्यांतून लोखंडी क्रूसहि बरोबर गेले. राज्यानें आपल्या हातानें दिलेला शब्द किती पोकळ असूं शकतो, ह्याचें ह्याहून कडू उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१९३९ च्या क्रूसावर मधोमध स्वस्तिक आलें आणि फीत काळ्या-पांढऱ्या-तांबड्या रंगांची झाली. पहिला वर्ग आणि महाक्रूस ह्यांच्यामध्यें गळ्यांत घालण्याचा एक 'वीरक्रूस' नव्यानें निर्माण केला. त्यालाहि शिडीचा नियम होताच: अगोदर दुसरा वर्ग, मग पहिला, मग वीरक्रूस. पुढें वीरक्रूस घेणाऱ्यांचीहि संख्या वाढली, तेव्हां त्यावर ओकचीं पानें, पानांवर तरवारी, तरवारींवर हिरे, आणि १९४४ च्या अखेरीस सोन्याचीं पानें अशी एकावर एक चढण होत गेली. हिरे सत्तावीस जणांना मिळाले, सोन्याचीं पानें एका वैमानिकाला. सोनें देऊन लोखंड घेणाऱ्या १८१३ च्या बायकांनीं हें पाहिलें असतें, तर त्यांना काय वाटलें असतें कोण जाणे.

कागदावरची अट साधी होती: शत्रूसमोर विशेष शौर्य, किंवा सैन्य चालविण्यांत असामान्य कर्तबगारी. व्यवहारांत मोजदाद शिरली. पाणबुडीच्या कप्तानानें एक लाख टनांचीं जहाजें बुडविलीं कीं वीरक्रूस, असा संकेत पडला. वैमानिकांना पाडलेल्या विमानांचा हिशेब, आणि युद्ध जसें लांबलें तसा तो आंकडाहि चढत गेला. २५ नोव्हेंबर १९४२ रोजीं पायदळासाठीं हातघाईच्या लढाईची पट्टी निघाली. शत्रूच्या डोळ्यांतलें पांढरें दिसेल इतक्या जवळून, हातांतल्या हत्यारांनीं झुंज झाली, तो एक दिवस धरावयाचा. असे पंधरा दिवस भरले कीं कांस्यपट्टी, तीस भरले कीं रुपेरी, पन्नास भरले कीं सोनेरी. पन्नासाव्या दिवसापर्यंत जगणें हीच त्यांतली खरी अट.

आपलीं माणसें त्या बाजूलाहि होतीं. उत्तर आफ्रिकेंत कैद झालेल्या हिंदी सैनिकांपैकीं सुमारें तीन हजार जण जर्मनींत सुभाषचंद्र बोसांच्या आझाद हिंद फौजेंत गेले. त्यांच्यासाठीं १९४२ सालीं सुभाषबाबूंनीं शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद आणि शहीद-ए-भारत अशीं सन्मानचिन्हें ठरविलीं. घडण जर्मन होती, आणि लढणाऱ्यांच्या पदकाला जर्मन पद्धतीप्रमाणें तरवारी होत्या. शब्द आपले होते. परक्या राजाच्या पदकाऐवजीं आपलें पदक असावें ही तळमळ त्यांत दिसते. तें पदक कोणत्या छत्राखालीं निघालें, तेंहि विसरतां येत नाहीं.

आतां इटलीकडे. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, मोन्तोने गांवाच्या परिसरांत, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीच्या एका कंपनीनें जर्मन ठाण्यावर चाल केली. एका तुकडीचा नायक होता यशवंत घाडगे, वय बावीस, कोंकणांतील माणगांवच्या बाजूचा. जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्या तुकडींतील प्रत्येक माणूस मेला किंवा घायाळ झाला. एकटा नायक उरला. तो तसाच मशीनगनवर धांवला. हातबाँब टाकून त्यानें ती बंद पाडली, टॉमीगननें एकाला मारलें. गोळ्यांची दुसरी पेटी चढवावयास वेळ नव्हता, म्हणून नळी हातांत धरून दस्त्यानें उरलेल्या दोघांना लोळविलें. मग छातींत व पाठींत गोळ्या लागून तो तेथेंच पडला. जर्मन पट्टीच्या हिशेबानें हा पंधरांपैकीं एक दिवस झाला असता. ब्रिटिश सनदेंत शिडी नव्हती. एकच कृत्य, शत्रूसमोर आणि साक्षीदारांनीं पाहिलेलें, पुरेसें होतें. घाडगे ह्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या तुकडींतल्या इतरांचीं नांवें मानपत्रांत नाहींत.

नऊ महिन्यांनीं सेनिओच्या कांठीं नामदेव जाधव आपल्या कंपनीच्या कमांडरबरोबर रनर म्हणून होता. नदी ओलांडतांना मशीनगनचा मारा झाला, कमांडर जखमी झाला, आणि जाधव व दोन घायाळ सोडून बाकीचे जवळजवळ सगळे पडले. जाधवनें एका घायाळाला खोल पाण्यांतून, उभ्या दरडीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यांतून मागें नेलें. परत जाऊन दुसऱ्याला आणलें. मग तिसऱ्यांदा गेला तो मेलेल्या सोबत्यांचा सूड घेण्यासाठीं. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवितां येईना, तेव्हां ती टाकून त्यानें हातबाँबांवर काम भागविलें. ते संपले तेव्हां सरपटत जाऊन आणखी आणले. तीन मशीनगनी बंद पडल्यावर तो बांधाच्या माथ्यावर चढला, मराठ्यांची रणगर्जना करीत राहिला आणि मागच्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावूं लागला. ती गर्जना म्हणजे शिवाजीमहाराजांचा जयघोष. तो जगला, २ ऑगस्ट १९८४ रोजीं पुण्यांत वारला.

हीं दोन्हीं कृत्यें शंभर वर्षें अगोदर घडलीं असतीं, तर व्हिक्टोरिया क्रॉसचा प्रश्नच नव्हता. तो क्रॉस २९ जानेवारी १८५६ रोजीं निघाला. हुद्दा पाहावयाचा नाहीं हें तत्त्व त्याच्याहि सनदेंत होतें, आणि लोखंडाच्या जागीं तोफेचें कांसें वापरून साधेपणाहि राखला होता. एखाद्या पथकांतले सगळेच सारखे शूर ठरले, तर पथकानें आपल्यांतून मतानें मानकरी निवडावा अशीहि तींत सोय आहे. १८५७ सालीं तो कंपनीच्या गोऱ्या सैनिकांना खुला झाला. त्यांच्या शेजारीं उभें राहून लढणाऱ्या हिंदी शिपायाला तो चौपन्न वर्षें बंद होता. त्याच्यासाठीं कंपनीनें १८३७ सालीं 'ऑर्डर ऑफ मेरिट' काढली होती. तिचे तीन वर्ग होते, आणि लोखंडी क्रूसासारखीच शिडी: तिसरा मिळाल्याशिवाय दुसरा नाहीं, दुसरा मिळाल्याशिवाय पहिला नाहीं. तिसऱ्या वर्गाला पगाराची तिजाई अधिक, दुसऱ्याला दोन तिजाया, पहिल्याला दुप्पट पगार. म्हणजे हिंदी शिपायाला तीनदां मरणाच्या दारीं जाऊन यावें लागे, तेव्हां तो माथ्याला पोहोंचे. गोऱ्याला एकदां पुरे. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्तानें हें दार उघडलें. पहिला हिंदी मानकरी खुदादाद खान, ३१ ऑक्टोबर १९१४ चा, बेल्जममधील होलेबेकेच्या लढाईंतला. समोर जर्मनच होते. मरणोत्तर क्रॉस देण्याची सोयहि मूळ सनदेंत नव्हती. ती विसाव्या शतकाच्या आरंभीं रूढ झाली आणि १९२० सालीं लेखी आली. त्याआधीं घाडगे पडला असता, तर तो पडला एवढेंच.

महायुद्धानंतर जर्मनींत स्वस्तिकाचीं पदकें लावण्यास बंदी झाली. २६ जुलै १९५७ च्या कायद्यानें पश्चिम जर्मनीनें जुन्या सैनिकांना क्रूस पुन्हा लावूं दिला, पण स्वस्तिकाच्या जागीं ओकचीं पानें घालून. जर्मन सैन्याच्या गाड्यांवर व विमानांवर काळा क्रूस आजहि रंगविलेला असतो. पदक म्हणून मात्र तो परत आला नाहीं. त्याला पुन्हा जागें करावें अशी मागणी झाली, तेव्हां सरकारनें ती नाकारून २००८ सालीं शौर्यासाठीं एक नवाच क्रूस काढला.

आपल्याकडे २६ जानेवारी १९५० रोजीं परमवीरचक्र निर्माण झालें, आणि तें १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरलें. त्याची आकृती सावित्रीबाई खानोलकर ह्यांची. त्या जन्मानें युरोपियन; विक्रम खानोलकर ह्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशीं विवाह करून येथल्या झाल्या. कांस्याच्या त्या चक्रावर इंद्राचीं चार वज्रें आहेत. पहिल्या मानकऱ्यांत कारवारकडचे राम राघोबा राणे होते. १९४८ च्या एप्रिलांत त्यांनीं नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग व अडथळे गोळीबारांत काढून रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांच्या मानपत्रांत मारलेल्या शत्रूंच्या संख्येला महत्त्व नाहीं. रस्ता मोकळा झाला, हेंच त्यांचें कृत्य.

यशवंत घाडगे ह्याचें प्रेत सांपडलें नाहीं. इटलींत कासिनो येथील स्मारकावर त्याचें नांव कोरलेलें आहे, आणि माणगांवला तहसील कचेरीसमोर त्याचा पुतळा आहे. २०२३ च्या जुलैंत मोन्तोने गांवच्या लोकांनीं व भारतीय वकिलातीनें मिळून तेथें त्याच्या नांवानें एक सूर्यघड्याळ उभारलें. ज्या डोंगरउतारावर तो पडला, त्याच मुलखांत तें आहे.